भुताला मराठवाडा मानवत नाही

भुताच्या पिक्चरचं निम्मं भांडवल म्हणजे लाईट जाणं. बल्ब दोनदा फडफडतो, मग गुडुप अंधार, हिरॉईन मेणबत्ती शोधायला लागते आणि तोपर्यंत पुण्या-मुंबईच्या थेटरात लोकांनी एकमेकांचे हात धरलेले असतात म्हणे. आमच्याकडं नेमक्या त्या जागी मामा म्हणतात, "येक फेज गेला असंल. डीपीवर बघून ये म्हणावं तिला." (डीपी म्हणजे गावाला लाईट देणारा ट्रान्सफॉर्मर.) झालं. आता यानंतर त्या भुतानं काय तोंड घेऊन यायचं?

मी हॉररचा फॅन आहे, अगदी लहानपणापासूनचा, आणि माझं दुखणं एवढंच की आजपर्यंत मला कुणी शांतपणे घाबरू दिलेलं नाही. आमचं गाव अंबाजोगाईच्या अलीकडं, घर मोठं, माणसं भरपूर आणि टीव्ही एक. भुताचा पिक्चर ही एकट्यानं बघायची गोष्ट आहे हे आमच्या खानदानात कुणालाच पटत नाही, उलट "भुताचा हाय का? थांब मग, भाकरी झाल्यावर लाव, समदे मिळून बघू."

सुरुवात अर्थातच भुताचे पिक्चर काढणाऱ्या रामसे बंधूंपासून. गणपतीत वर्गणी उरली की व्हिडिओ आणायचे, म्हणजे कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, एका रात्रीच्या भाड्यानं. पहिला देवाचा पिक्चर आयाबायांसाठी, दुसरा मारामारीचा, आणि तिसरा रात्री एक-दीडच्या पुढं, लेकरं झोपली असं समजून, रामसेंचा. लेकरं कशाला झोपतायत. गोधडीला जिथं उसवलंय तिथून एक डोळा बाहेर काढून मी 'पुराना मंदिर' बघितला. १९८४ चा पिक्चर, आमच्या गावात यायला बरीच वर्षं लागली पण भुताला काय एक्सपायरी नसते. त्यातल्या सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एकीकडं आणि धड दुसरीकडं ठेवलेलं, ते दोन्ही एकत्र येईपर्यंत माझी फाटलेली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी माहिती पुरवली की हा सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिकलेला सिव्हिल इंजिनिअर आहे. लगेच मामा, "बघ, इंजिनिअर होऊन असली कामं करावी लागायली. म्हणून म्हणलं आयटीआय कर." सामरी दात काढून समोर उभा आणि इथं माझ्या करिअरचा विषय निघालेला.

रामसेंबद्दल मला मात्र मनापासून आदर आहे, आणि तो भुतांमुळं कमी, भावांमुळं जास्त. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान, फाळणीनंतर मुंबईला आले, पिक्चरच्या धंद्यात पडले. १९७० ला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला तो आपटला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या एका सीनला पब्लिक जाम खुश, हे पोरांनी हेरलं आणि १९७२ ला 'दो गज जमीन के नीचे' काढून सरळ भुतांचा कारखानाच टाकला. सात भाऊ होते, सात. एक कॅमेऱ्यावर, एक साऊंडला, एक एडिटिंगला, एक लिहायला, तुलसी आणि श्याम डायरेक्शनला. आमच्या तालुक्यात सात भाऊ म्हणल्यावर सात बांध, चौदा केसेस आणि म्हाताऱ्याला कुणी सांभाळायचं यावर पंचायत. सात भावांनी वीस वर्षं एका हवेलीत एका मुखवट्यावर धंदा केला, यापेक्षा मोठा चमत्कार त्यांच्या कुठल्याच पिक्चरमध्ये नाही.

पिक्चर संपला की खरा हॉरर सुरू व्हायचा, कारण पहाटे परसाकडं जावं लागायचं. संडास घरात नव्हते तेव्हा. रात्रभर "हॅः, काय भूत हाय का मुखवटा" म्हणणारे सगळे वस्ताद टमरेल घेऊन एकमेकांच्या दारात उभे, "चलतो का रे?" आणि मग ओढ्याकडं अशी मिरवणूक निघायची की गणपतीलासुद्धा तेवढी माणसं नसायची. सगळ्यात पुढं कुणीच चालायला तयार नाही, सगळ्यात मागं तर अजिबातच नाही, म्हणून आम्ही आडवे चालायचो.

नंतर डिश आली, १९९३ ला 'झी हॉरर शो' आला, पुन्हा रामसेच. त्याच वर्षी 'झपाटलेला' पण आला आणि तात्या विंचूनं माझ्या चुलत बहिणीच्या बाहुलीचं आयुष्य बरबाद केलं, ती बाहुली उन्हाळाभर पालथी घालून कणगीमागं ठेवलेली होती. लोक म्हणतात तो विनोदी पिक्चर आहे. असंल बाबा. रामदास पाध्यांनी त्या बाहुल्याची मान वळवली की मला अजून पण हसू येत नाही.

आज्जीचं प्रकरण आणखी वेगळं. कॉलेजला असताना मी कुठून तरी 'एक्झॉर्सिस्ट'ची सीडी मिळवली, १९७३ चा, जगातला सगळ्यात भीतीदायक म्हणून गाजलेला. पोरीची मान गर्रकन मागं फिरते तो सीन चालू, मी उशी आवळून बसलेला, आणि आज्जी जपमाळ बाजूला ठेवून म्हणली, "आंगात आलंय व्हय तिच्या? मंग कोण हाय, काय पायजे, ते इचारावं की आधी. त्येला चोळी-बांगडी द्यावी, वाटंला लावावं." मी म्हणलं आज्जे, सैतान आहे तो. "आसना. त्येला बी काय तरी लागतच आसंल की." त्या पिक्चरमध्ये दोन फादर जिवानिशी जातात. आज्जीच्या मते दोन्ही नवशिके होते.

तर हळूहळू माझ्या ध्यानात यायला लागलं की दोष आमच्या घरच्यांचा नाही, भूगोलाचा आहे. मराठी मुलखातलं भूत म्हणलं की कोकण. 'रात्रीस खेळ चाले' कोकणात, 'तुंबाड' तिकडं, 'मुंज्या' पण तिकडं. धुकं पायजे, शेवाळ पायजे, माडाच्या झावळ्या हलायला पायजेत, पाऊस तर पायजेच पायजे. आमच्याकडं काय? धुक्याच्या जागी धुराळा, माडाच्या जागी वेडी बाभळ. पांढरी साडी नेसून बाभळीखालून चालत येऊन दाखवावं कुठल्याही हडळीनं, पदर अडकून तिथंच बसंल, वरून टाचेत काटा.

विहिरीचं तर बोलूच नका. जपानी 'रिंगू' १९९८ ला आला, इंग्लिशवाल्यांनी २००२ ला 'द रिंग' केला, ती ओल्या केसांची पोरगी विहिरीतून वर येते आणि टीव्हीतून बाहेर पडते. जगभरच्या लोकांनी टीव्हीकडं पाठ करून झोपायला सुरुवात केली म्हणे. आमच्या इथं तिचे ओले केस बघून पहिला प्रश्न आला, "किती परस हाय म्हणं पाणी?" दुसरा, "गोड हाय का मचूळ?" आणि आता तर विहिरी पण राहिल्या नाहीत, ज्याच्या त्याच्या रानात बोअर. साडेसहा इंची भोक, आठशे फूट खोल, आणि खाली फुफाटा. तिथून कोण वर येणार आणि कसं?

'तुंबाड'ची मात्र मी फार वाट बघितली होती. राही अनिल बर्वेंनी कित्येक पावसाळे घालवून केलेला पिक्चर, २०१८ ला आला तेव्हा फारसा चालला नाही आणि २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला, असं आपल्याकडं क्वचितच होतं. माझ्या मते आपल्याकडचा सगळ्यात भारी हॉरर, यावर मी वाद घालायला तयार आहे. त्यात हस्तर नावाच्या शापित देवाचं देऊळ बांधलं म्हणून देव कोपतात आणि गावावर सतत पाऊस पाडतात. हा कोप! घरात एकदम शांतता पसरली, मला वाटलं घाबरली माणसं, तर मामा हळूच म्हणले, "कुठं बांधायचं म्हणं देऊळ?" आमच्या गावात पावसासाठी धोंडी काढतात, उघड्या अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागतात, त्या लोकांना तुम्ही पावसाची भीती घालणार. पुढं हस्तर पिठाच्या बाहुलीसाठी झेपावतो आणि तेवढ्यात त्याचं सोनं लुटायचं असतं, तर मामांना त्यात फक्त एवढंच विचारायचं होतं की गव्हाचंच लागतंय का ज्वारीचं चालंल. (२०२५ च्या सप्टेंबरात मात्र आमच्याकडं खरंच तसला पाऊस आला आणि मामांचं सोयाबीन उभ्याउभ्या पाण्यात बसलं. तेव्हापासून 'तुंबाड'चं नाव काढलं की ते उठून आत जातात. हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये.)

रामगोपाल वर्मानं २००३ च्या 'भूत'मध्ये हवेलीतलं भूत काढून मुंबईच्या फ्लॅटात आणलं, गाणी नाहीत, काही नाही, उर्मिला मातोंडकरनं काय काम केलंय राव. पण गंमत म्हणजे आमच्याकडं त्यात लोकांना भीती वाटली ती लिफ्टची. भूत परवडलं पण त्या पेटीत कोंडून घ्यायचं म्हणजे! 'स्त्री' आला २०१८ ला, भिंतीवर 'ओ स्त्री कल आना' लिहिलं की ती भूतीण माघारी जाते. सगळं थेटर हसत होतं, मामा नाही हसले. त्यांना एका हाफिसातल्या खिडकीवर फेरफारासाठी हेच वाक्य ऐकायची सवय आहे. "तिला कुणीतरी शेवटी भेटलंच असंल, आपल्याला ते बी न्हाई," म्हणले. 'स्त्री'पर्यंत ठीक होतं, पुढं मात्र भुतांचं युनिव्हर्स की काय ते सुरू झालं, ह्या पिक्चरचं भूत त्या पिक्चरच्या लांडग्याचं पाव्हणं. मला हे आवडत नाही. भूत एकटं असावं.

एकटेपणा वरून आठवलं, मी एकदा ठरवलंच होतं की काही झालं तरी एक पिक्चर पूर्ण एकट्यानं बघायचा. 'कॉन्ज्युरिंग' निवडला, २०१३ चा, रक्त नाही, शिव्या नाहीत, नुसती भीती जास्त आहे म्हणून अमेरिकेत ज्याला मोठ्यांचं सर्टिफिकेट दिलं तो. शहरातली भाड्याची खोली, बायको माहेरी, कानात हेडफोन, लॅपटॉप, सगळं कसं मनासारखं. टाळ्यांचा खेळ चालू होतो, आई डोळ्याला पट्टी बांधून पोरींना शोधायलीय, टाळी ऐकू येईल तिकडं चाललीय, आणि कपाटातून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजते, आणि त्याच सेकंदाला माझ्या दारावर धाडधाडधाड. मी लॅपटॉपसकट उडालो. बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज, "आहो उठा की! पाणी आलंय!" आठवड्यानं आलेलं नळाचं पाणी, रात्री दोनला, तासभर टिकलं तर टिकलं. सैतानाला पॉज करून मी अर्ध्या चड्डीवर हंडे भरले. परत येऊन बसलो तर भीती कुठल्या कुठं, कंबर दुखायली आणि डोक्यात एकच, टाकीचा नळ नीट बंद केला का.

नंतर तोच पिक्चर घरी लावला तर मामांचं सगळं लक्ष व्यवहारावर. "पाच पोरी, कर्जाचं घर, आन् वरून हे. मला तर त्या भुताचंच वाईट वाटायलंय." घर सोडून जात का नाहीत हा प्रश्न आमच्याकडं कुणी विचारतच नाही. कर्ज काढून घेतलेलं घर कोण सोडतं?

पूर्ण घर गप्प बसलं असा पिक्चर मला एकच आठवतो, 'लपाछपी', २०१७ चा, पूजा सावंतचा, याच्यावरून पुढं हिंदीत 'छोरी' केला. सुरुवातीला नेहमीप्रमाणं "हा दोनशे पासष्ट हाय का शहाऐंशी झिरो बत्तीस?" म्हणून उसाच्या वाणावर चर्चा झाली. मग ती पोटुशी बाई फडात घुसली आणि तिला वाट सापडेना. आमच्याकडच्या निम्म्या माणसांनी दुसऱ्याच्या फडात कोयता चालवलाय, चार पावलं आत गेलं की बाहेरचा आवाज कसा बंद होतो हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि पुढं ती नकोशा पोरींची गोष्ट निघाली तसं मामी उठून चहा ठेवायला गेली, ती बराच वेळ आलीच नाही. त्या दिवशी कुणी डीपीचं नाव काढलं नाही.

म्हणजे घाबरायचं सामान आमच्याकडं नाही असं अजिबात नाही. भानामती आमचीच की. दांडीवरची लुगडी आपोआप पेटायची, पत्र्यावर दगड पडायचे, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या. अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलनवाले, कार्यकर्ते जाऊन छडा लावायचे आणि दगड मारणारं भूत बऱ्याच वेळा घरातलंच कुणीतरी निघायचं, एखादी सून किंवा पोरगी, जिचं त्या घरात कुणी ऐकूनच घेत नाही. यापेक्षा जबरदस्त स्टोरी कुठल्या हॉलिवूडवाल्याकडं आहे? आणि दुसरं म्हणजे दुपार. आमच्याकडं भूत रात्रीचं नाहीच मुळात. "बारा वाजता चिंचंखाली जाऊ नको" असं सांगून आम्हाला वाढवलंय. मे महिन्यातली दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही, माळवदाच्या वाड्यात सगळे आडवे, बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या अंधाऱ्या कोठीच्या, तोंडातून गार वारं आणि उंबऱ्याबाहेर डोळ्यात जाणारं पांढरंफट ऊन. २०१९ ला 'मिडसमर'नं दिवसाढवळ्या घाबरवलं म्हणून किती कौतुक झालं, पण स्वीडनचं ऊन ते काय ऊन.

ही सगळी स्टोरी मी जुळवली, वाडा, बळद, भर दुपारी जिन्यावर बसलेला म्हातारा, आणि मोठ्या हौसेनं मामांना ऐकवली. पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकली त्यांनी. मग तंबाखू चोळत म्हणले, "समदं बराबर हाय. पण म्हातारा कोणच्या भावकीचा दाखवणार?"

मी म्हणलं कोणच्याच नाही, आडनावच नको ठेवायला.

"मंग वाड्यावर त्याचा हक्क कसा लागंल? वारस नोंद कुठंय? उद्या कुणी बी यिऊन बसंल जिन्यावर."