गुरुवारी येणाऱ्या मावशी

पप्पा अंथरुणाला खिळले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं असं कुणी विचारलं ना, तर डॉक्टर नाही, रिपोर्ट नाहीत, मला आठवतात आमच्या खोलीत खाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक मावशी.

रविवारी उपासना संपली की सगळे जण आईला भेटायचे आणि म्हणायचे, प्रार्थनेत आठवण करतोय हं. मनापासूनच म्हणत असतील, मला त्यांना नावं ठेवायची नाहीत. मावशीही तेच म्हणाल्या, फक्त जाता जाता विचारलं, "गुरुवारी आले तर चालेल ना गं?" आणि आल्या. मग पुढच्या गुरुवारीही आल्या. आणि मग पप्पा होते तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ महिने, मधले एक-दोन गुरुवार सोडले तर येतच राहिल्या.

येऊन काय करायच्या तर काही विशेष नाही. "देवाची काहीतरी योजना असेल" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही, आणि त्या काळात ते इतक्या जणांकडून ऐकलं होतं की ते न बोलणाऱ्या माणसाचं मला फार बरं वाटायचं. कपड्यांचा ढीग पुढ्यात ओढायच्या, पप्पांच्या शर्टाची कॉलर तळहाताने दाबून दाबून सरळ करायच्या, जसं काही उद्या ते घालून कामावरच जाणार आहेत. मग पप्पांच्या उशाशी बसून बायबलमधलं एखादं छोटं स्तोत्र वाचायच्या, बहुतेक वेळा १२१ वं, ते झोपलेले असले तरी वाचायच्याच, अगदी हळू आवाजात. आणि तेवढ्या तासाभरात आई आतल्या खोलीत गाढ झोपायची. आठवड्यातली तिची तेवढी एकच झोप होती जिच्यात तिचा एक कान पप्पांच्या खोकल्याकडे नसायचा.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र वाचताना मला नेहमी या मावशी आठवतात. ते पत्र तो रोममधून कैदेत असताना लिहितोय, आशियातल्या (म्हणजे तेव्हाचा रोमन प्रांत, आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिम भाग) सगळ्यांनी पाठ फिरवली असं सरळ म्हणतोय, दोघांची तर नावंही घेतोय. आणि लगेच पुढे अनेसिफर नावाच्या माणसाबद्दल लिहितो, की याने मला वारंवार धीर दिला, माझ्या बेड्यांची याला लाज वाटली नाही, रोमला आला तेव्हा याने मला शोधून काढलं. बास. या पत्राबाहेर अख्ख्या बायबलमध्ये या माणसाचं नाव कुठेही नाही. त्याने काय आणलं, काय बोलला, काही लिहिलेलं नाही. पण तो "वारंवार" शब्द बघा. एकदा जाणं सोपं असतं हो, एकदा तर आपण सगळेच जातो, तिसऱ्यांदा चौथ्यांदा जाताना मात्र आपल्याकडे बोलायला काही नवीन नसतं, समोरचाही बरा झालेला नसतो, आणि तरी जायचं असतं. मला वाटतं विश्वासूपणा तिथूनच सुरू होतो.

त्याच पत्रात शेवटी पौल सांगतो की त्रोवस गावी कार्पाकडे माझा झगा राहिलाय तो येताना घेऊन ये, आणि हिवाळ्याआधी ये. म्हणजे कार्प नावाच्या कुणीतरी दुसऱ्याचा झगा सांभाळून ठेवला होता, एवढीच त्याची नोंद. पण हिवाळ्यात कैदेत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्या झग्याचं मोल काय असेल!

आपल्याकडे अशा विषयावर प्रवचन झालं की एडवर्ड किंबॉलची गोष्ट हमखास येते. १८५५ साली बोस्टनमध्ये हा संडे स्कूलचा शिक्षक आपल्या वर्गातल्या १८ वर्षांच्या मुलाला भेटायला तो काम करायचा त्या बुटांच्या दुकानात गेला, कामाच्या वेळी जावं का नको म्हणून मनात घुटमळला, शेवटी गेला आणि मागच्या बाजूला त्याच्याशी येशूच्या प्रेमाबद्दल चार शब्द बोलला. तो मुलगा पुढे डी. एल. मूडी झाला, हजारोंना सुवार्ता सांगणारा. गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, पण ती ज्या पद्धतीने सांगतात ते मला पटत नाही. जणू मूडी झाला म्हणून किंबॉलचं जाणं सार्थकी लागलं. आणि तो मुलगा आयुष्यभर बूटच विकत राहिला असता तर? तरीसुद्धा ते जाणं तितकंच मोलाचं होतं असं मी ठामपणे म्हणेन. गार पाण्याचा एक प्याला देणाऱ्याचंही प्रतिफळ बुडणार नाही असं येशू बोलला तेव्हा पिणारा पुढे कोण झाला हे त्याने सांगितलं नाही. मावशींच्या येण्याने आमचे पप्पा काही वाचले नाहीत. पण आई तगली आणि मी चर्च सोडलं नाही, आणि त्या वेळी मी सोडायच्या अगदी बेतात होते, हे मी आजवर घरीही कुणाला सांगितलेलं नाही.

मीही व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या आजारपणाचा मेसेज आला की हात जोडलेला इमोजी टाकायचे आणि दहा मिनिटांत विसरायचे, खूप वर्षं केलंय हे, आणि त्याची मला मनापासून खंत आहे. आता टाकते तेव्हा तिथल्या तिथे डोळे मिटून त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करते, मगच फोन ठेवते. आणि कुणाकडे जायचं असेल तर "काही लागलं तर सांगा" म्हणत नाही, कारण थकलेला माणूस सांगत नाही कधीच, आईने कुणालाच सांगितलं नव्हतं. वार ठरवून विचारते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाबद्दल सांगतो, त्यात राजा म्हणतो मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात, तर ते नीतिमान लोक उलट त्यालाच विचारतात, प्रभू, कधी आलो आम्ही? त्यांना आठवतच नाही! मला हे आधी जरा अशक्यच वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वी मी मावशींना भेटायला गेले, खूप थकल्यात आता, आणि हात धरून म्हटलं, मावशी तुम्ही पप्पांच्या आजारपणात दर गुरुवारी यायचात ना, त्याने आम्हाला किती आधार होता तुम्हाला माहीत नाही.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दर गुरुवारी? नाही गं, दोन-तीनदा आले असेन मी."