शृंगाराची खोली सजवताना

बेळगावात आपला लॉज असेल आणि पाहुणा कुंद्याचा डबा काखोटीला मारून त्याच रात्री कोल्हापूरची गाडी धरत असेल, तर आपण एका खोलीला बायकांच्या दागिन्यांचे रूप द्यावे, असा माझा नम्र सल्ला आहे. खोलीचे नाव ‘शृंगार’ ठेवावे. फलकाचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावाच लागतो. पण हा शब्द दोन्ही भाषांनी सारखाच आपला मानलेला असल्यामुळे निदान या पाटीला काळे फासायला कोणी येणार नाही.

पलंगाच्या उशाशी पुरुषभर उंचीची नथ बसवावी, मोत्यांच्या जागी दिवे लावावेत आणि त्यांचे बटण दाराजवळ ठेवावे, म्हणजे नथ विझवून परतणाऱ्या पाहुण्याच्या नडगीला पलंगाचा कोपरा नेमका सापडेल. कानाच्या वरच्या पाळीतली बुगडी टॉवेल अडकवायला सोयीची पडते. पडद्यासाठी वडगावच्या मागावरचे लुगडे घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण विणकर हाकेच्या अंतरावर राहत असला की त्याच्या मालाला परंपरेचा दर्जा देणे जड जाते. सुरतेची छापील पैठणी मागवावी. तिच्यावर कोल्हापुरी साजाची पाने टाचावीत. साजाला 21 पाने असतात हे ठाऊक असलेली एखादी आजी मोजायला बसलीच, तर उरलेली धुण्यात गेली म्हणून सांगावे.

भाड्याची चिंता नको. खऱ्या नथीवर जीएसटी 3 टक्के आणि 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के असल्याने नथ नाकात घालण्यापेक्षा नथीखाली झोपणे ही मोठी चैन आहे, हे सरकारनेच ठरवून दिले आहे.

राहता राहिली खोली झाडणारी मावशी. ती खानापूरकडून पहिल्या बसने येते आणि तिच्या हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या असतात. त्यांच्या किणकिणाटाने ‘शृंगार’मधल्या पाहुण्याची झोपमोड होते, म्हणून कामाच्या वेळी बांगड्या वर्ज्य, असा नियम तिन्ही भाषांत लावावा. ती त्या उतरवते, रुमालात बांधते आणि मीटरच्या पेटीवर ठेवते. संध्याकाळी हात सुजलेले असल्याने बांगड्या चढत नाहीत, तेव्हा ती मनगटाला साबण लावते. तो साबण पाहुण्याने अर्धवट टाकलेला, म्हणजे आपलाच असतो. त्याचे पैसे पगारातून कापायला विसरू नये.