भाता रिकामा म्हणजे तिरंदाज निःशस्त्र?

मध्ययुगीन युद्धांवरचा एक मजकूर सध्या भरपूर फिरतो आहे. त्याचं सार असं: इंग्लिश तिरंदाज म्हणजे हातात धनुष्य दिलेले गरीब शेतकरी, बाण संपले की त्यांच्यापुढे दोनच वाटा, पळायचं नाहीतर मरायचं. पुराव्यादाखल 1415 ची अ‍ॅजिनकोर्टची लढाई दिलेली असते, म्हणजे फ्रान्समध्ये इंग्लिशांनी फ्रेंचांवर जिंकलेली लढाई. नेमकं तेच उदाहरण या दाव्यावर उलटतं.

"गरीब शेतकरी, धनुष्यापलीकडे काही नाही." कोणी कोणतं शस्त्र बाळगायचं हे इंग्लंडात 1285 च्या विंचेस्टर कायद्याने मिळकतीनुसार ठरवून दिलं होतं. वर्षाला 40 ते 100 शिलिंग उत्पन्नाची जमीन असेल, तर तलवार, धनुष्यबाण आणि सुरी. म्हणजे धनुष्याच्या जोडीला तलवार कायद्यातच आहे. पुढे फ्रान्सच्या मोहिमांत घोडा असलेल्या तिरंदाजाला रोज 6 पेन्स मिळत, चांगल्या कारागिराच्या मजुरीच्या तोडीचे. घोडा प्रवासापुरता, लढायचं ते पायउतार होऊनच.

"बाण संपले की खेळ संपला." बाण झटकन संपत, एवढं खरं. एका जुडीत 24 बाण. मिनिटाला दहा सोडले तर अडीच मिनिटांत जुडी रिकामी. म्हणूनच राखीव जुड्या मागे गाड्यांवर असत. पण खरा मुद्दा त्यानंतरचा. अ‍ॅजिनकोर्टला राजा पाचव्या हेन्रीच्या सैन्यासोबत एक पाद्री होता. त्याने लिहून ठेवलंय की बाण संपल्यावर तिरंदाजांनी कुऱ्हाडी, घोडदळ अडवायला ठोकलेले लाकडी खुंट, तलवारी आणि जमिनीवर पडलेली भाल्यांची पाती उचलली आणि शत्रूवर तुटून पडले. फ्रेंच बखरकारही तेच सांगतात: धनुष्यं टाकली आणि तलवारी, कुऱ्हाडी, हातोडे घेतले. धनुष्य टाकणं म्हणजे शरणागती नव्हे. सहा फुटी काठी हातात असताना दुसरं हत्यार चालवता येत नाही, इतकंच.

"कुऱ्हाड-हातोडा हे सुतारकीचं सामान, शस्त्रं नव्हेत." दोन्ही होती, आणि यातच खरी गंमत आहे. लढाईच्या काही दिवस आधी हेन्रीने हुकूम काढला: प्रत्येक तिरंदाजाने सहा फुटांचा, दोन्ही टोकांना तासलेला जाड खुंट सोबत ठेवावा. घोडदळ आलं की एक टोक जमिनीत तिरपं ठोकायचं आणि दुसरं शत्रूकडे रोखायचं, कंबरेच्या वर. आता हे प्रत्यक्ष करून बघा. घाव बसणार तो तासलेल्या वरच्याच टोकावर. ओलं लाकूड चेचलं जातं, अणी बोथट होते, तंतू पिंजारतात. म्हणजे ठोकायला घण हवा आणि ठोकून झाल्यावर अणी पुन्हा काढायला कुऱ्हाड. त्या दिवशी तर हे काम दोनदा झालं, कारण हेन्रीने सैन्य पुढे सरकवलं: खुंट हलवून सैल करा, उपटा, पुढे नेऊन परत ठोका. ज्याच्या कमरेला कुऱ्हाड नाही, तो या कामाचा नाही. तासाभराने तीच कुऱ्हाड चिलखतवाल्यांवर चालली.

घणाचंही तसंच. पोलादी पत्र्यावरून तलवारीची धार घसरते, पण शिरस्त्राणावर जड घण बसला की पत्रा फाटला नाही तरी आतलं डोकं हादरतं. माणूस खाली गेला, की काम कट्यारीचं: शिरस्त्राणाची फट, काख, जांघ.

"अंगात चिलखत नाही, म्हणजे हातघाईत मेलाच." मोकळ्या मैदानात समोरासमोर, कदाचित. पण अ‍ॅजिनकोर्टला नांगरलेल्या शेतात रात्रभराच्या पावसाचा चिखल होता आणि फ्रेंच शिपाई इतके दाटीवाटीने आले होते की हात उचलायला जागा नव्हती. तिरंदाज अंगरख्यावर होते, काही तर अनवाणी. चिखलात कोण चपळ ठरणार, हे आपल्याकडे भातलावणी केलेल्या कुणालाही विचारा.

मग उरलेला संच. मनगटाच्या आतल्या बाजूला चामडी पट्टा, कारण बाण सोडल्यावर धनुष्याची दोरी तिथेच फटकारते आणि ढिली बाही असली तर दोरी अडकून नेम चुकतो. जास्तीच्या दोऱ्या आणि त्यांना चोळायला मेण. डाव्या-उजव्या बाजूला तलवार, कट्यार. अनेकांकडे बकलर, म्हणजे मुठीत धरायची ताटाएवढी ढाल. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेवर चामड्याच्या चकत्या सापडल्या, प्रत्येकीला 24 भोकं: जुडीतले बाण वेगळे राहावेत, पिसं चुरगळू नयेत म्हणून.

तिरंदाज हरले ते कधी? 1424 ला फ्रान्समधल्या व्हर्नूयच्या लढाईत ऑगस्टच्या उन्हाने जमीन इतकी टणक झाली होती की खुंट नीट रुतेनात. चिलखती घोडदळ तिरंदाजांना तुडवत आरपार गेलं. तरी त्या दिवशी जिंकले इंग्लिशच. 1429 ला फ्रान्समधल्या पाते या गावाजवळ मात्र खुंट ठोकून व्हायच्या आधीच फ्रेंच घोडेस्वार येऊन भिडले. तिथे बाण संपण्याची वेळसुद्धा आली नाही.