दर पाच वर्षांनी दुप्पट? आधी गुणाकार करून बघा

गेले काही दिवस एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जागेचे भाव कधीच पडत नाहीत. दर पाच वर्षांनी ते दुप्पट होतात. १९९५ साली ठाण्यात ५ लाखांना घेतलेला फ्लॅट आज १ कोटीचा आहे. नवी जमीन कुणी तयार करत नाही. भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. तेव्हा ठेवी मोडा, फंड काढा, आजच बुकिंग करा आणि संयम ठेवा.

असल्या मेसेजना उत्तर देत बसायची मला सवय नाही. पण माझी मावशी यंदा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. तिने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, "अरे, फंडाचे ३० लाख कर्जतला बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये घालते. बरोबर ना?" नाही मावशी, बरोबर नाही. आणि हे तिच्या एकटीपुरतं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आधी ती दुप्पट, कारण बाकीचा सगळा मेसेज तिच्यावर उभा आहे. १९९५ ते २०२५ ही ३० वर्षं, म्हणजे सहा वेळा दुप्पट. ५ चे १०, २०, ४०, ८०, १६० आणि शेवटी ३२० लाख. म्हणजे ठाण्यातला तो फ्लॅट आज ३ कोटी २० लाखांना जायला हवा. मेसेजच सांगतो की तो १ कोटीला जातो! लिहिणाऱ्याने स्वतःच्याच उदाहरणाचा गुणाकार केला नाही आणि पुढे ढकलणाऱ्या हजारो जणांपैकी कुणालाही तो करावासा वाटला नाही, याचा मला खरा संताप येतो.

३० वर्षांत २० पट म्हणजे वर्षाला साधारण साडेदहा टक्के. वाईट नाही. पण १९९५ साली १० ग्रॅम सोनं साडेचार-पावणेपाच हजारांना मिळत होतं, २०२५ मध्ये ते लाखावर गेलं. तेही वीस पटीच्या वर, आणि त्याला मेंटेनन्स नाही, घरपट्टी नाही. सेन्सेक्स तेव्हा ३ हजारांच्या थोडा वर होता, २०२५ मध्ये ८० हजारांच्या घरात. इतकंच काय, १९९५च्या सुमारास पीपीएफ १२ टक्के व्याज देत होतं. फ्लॅटने राहायला छप्पर दिलं किंवा भाडं दिलं हे त्याच्या बाजूने मोजायलाच हवं. पण "जागेसारखं दुसरं काही नाही" हे या आकड्यांतून निघत नाही.

आता हाच नियम पुढे चालवा. आजचा ८० लाखांचा फ्लॅट ३० वर्षांनी ५१ कोटींचा होईल. तो घेणार कोण? आज महिना १ लाख मिळवणाऱ्याचा पगार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला, तर तेव्हा तो १० लाखांच्या आसपास असेल. आज या फ्लॅटची किंमत त्याच्या पावणेसात वर्षांच्या पगाराएवढी आहे, तेव्हा ती बेचाळीस वर्षांच्या पगाराएवढी होईल. घराची किंमत शेवटी विकत घेणाऱ्याच्या कमाईतून येते. तिला मागे टाकून ती काही वर्षं धावू शकते, कायम नाही.

"भाव कधीच पडत नाहीत" हे तर मुंबईत राहणाऱ्याने म्हणूच नये. १९९५च्या सुमारास इथले भाव शिखरावर होते. नरिमन पॉइंटच्या ऑफिसांची गणना जगातल्या सर्वांत महाग जागांत होत होती. मग उतार लागला, तो नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं उलटेपर्यंत. म्हणजे मेसेजने निवडलेलं १९९५ हेच वर्ष असं, की तेव्हा घेणाऱ्याला पुढची सात-आठ वर्षं नुसतं बघत बसावं लागलं. अलीकडचं हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक बघा. २०२०-२१ मध्ये तो जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास वाढला, महागाई सहाच्या वर होती. कागदावर भाव वाढला, प्रत्यक्षात घर स्वस्त झालं. हा निर्देशांक नोंदणीतल्या किमतींवर चालतो, रोखीचा भाग त्यात येत नाही, हेही मान्य.

नवी जमीन तयार होत नाही म्हणणाऱ्याने नरिमन पॉइंटवरच उभं राहावं. पायाखाली भराव आहे. सात बेटं जोडून उभ्या राहिलेल्या शहरात हे वाक्य फिरतंय! शिवाय घर जमिनीइतकंच एफएसआयमधून, म्हणजे त्या जमिनीवर किती बांधायला परवानगी आहे त्यातून, तयार होतं. चार मजल्यांच्या जागी वीस झाले की जमीन तेवढीच राहते, घरं पाचपट होतात.

तरीही टंचाईचा मुद्दा खराच मानू. मग ॲमस्टरडॅमचा हेरेनग्राख्त कालवा बघा. सतराव्या शतकात त्याच्या काठावर श्रीमंत व्यापाऱ्यांनी घरं बांधली. मोक्याची जागा, आणि कालव्याचा काठ काही वाढवता येत नाही. पीट आइकहोल्ट्झ या डच अर्थतज्ज्ञाने तिथल्या घरांच्या १६२८ ते १९७३ पर्यंतच्या व्यवहारांचा अभ्यास केला. एवढ्या लांबीची घरांच्या किमतींची नोंद जगात फारच दुर्मीळ. महागाई वजा केल्यावर या ३४५ वर्षांत किंमत किती वाढली? साधारण दुप्पट. पाच वर्षांत नाही, साडेतीन शतकांत! मधे फ्रेंचांच्या अमलात भाव कोसळले, ते सावरायला कित्येक दशकं गेली. यात भाड्याचं उत्पन्न धरलेलं नाही, पण मेसेजही भावाबद्दलच बोलतोय.

भाड्याचं थोडक्यात सांगतो. ६० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ५२ हजार. पहिल्या हप्त्यातले साडेबेचाळीस हजार निव्वळ व्याज. भाडं पाण्यात जात असेल, तर हे कुठे जातं?

संयमाबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे. ज्यांनी १९९५च्या भावाला घेऊन धीर धरला, त्यांचे पैसे पुढे वसूल झाले, वर नफाही झाला. हप्त्यामुळे सक्तीची बचत होते, तीही खरी. राहायला घर घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण संयमाला वय लागतं, आणि मधल्या वर्षांत घर चालवायला वेगळे पैसे लागतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळा फंड एका अर्धवट इमारतीत अडकवून दहा वर्षं थांब म्हणणं हा सल्ला नाही, क्रूरपणा आहे. उद्या दवाखान्याचा खर्च आला तर ती बेडरूम विकणार का? शिवाय पहिल्या दिवशी स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि बांधकाम चालू असेल तर जीएसटी जातो, त्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही. हेच ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये हातात येतात.

मावशीकडे बुकिंगपोटी २० टक्के मागितलेत, करारनामा "नंतर करू" म्हणून. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. मी तिला चेक थांबवायला सांगितलंय आणि प्रकल्पाचा महारेराकडचा (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा) नोंदणी क्रमांक मागवायला लावलाय. तुमच्या घरात कुणी असाच चेक लिहायला बसलं असेल, तर आजच फोन करा.