भोपळा मंगळावर गेला म्हणून

साताऱ्याहून दादाचा फोन आला आणि तब्येतपाणी न विचारता तो थेट मुद्द्यावर आला. दादा शाळेत मराठी शिकवतो आणि मेच्या सुट्टीत गल्लीतल्या वाचनालयात मुलांचं शिबिर घेतो. यंदा लहानपणी ऐकलेली गोष्ट आपल्या पद्धतीने लिहायची होती. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीने 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'मधली म्हातारी मंगळावर नेली. लेक राहते दुसऱ्या वसाहतीत. वाटेत वाघाच्या जागी दारावरचं यंत्र आहे. ते माणसं तोलतं आणि वजनदार असतील त्यांना कामाला जुंपायला ठेवून घेतं. म्हातारी पन्नास किलोची, पण मंगळाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम 38 टक्के, त्यामुळे काटा 19 वर थांबतो. यंत्र पृथ्वीवर बनलेलं, त्याला हे कुठून कळणार? म्हातारी म्हणते, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग ठेवून घे." यंत्र तिला सोडतं.

दोन-तीन पालकांना हे आवडलं नाही. आजीच्या गोष्टीत यंत्रं कशाला, मुलांना मूळ गोष्ट कळणार तरी कधी, हे बाहेरचं खूळ आहे, असं त्यांचं म्हणणं. दादालाही ते निम्मं पटलं होतं. "तूच ते पुस्तक पाठवलंस ना तिला," तो म्हणाला.

पाठवलं होतं, दिवाळीत. मरिसा मेयर या अमेरिकन लेखिकेची 'सिंडर' ही कादंबरी, 2012 ची. 2015 पर्यंत या मालिकेचे चार मुख्य भाग आले आणि प्रत्येकाच्या पोटात एक जुनी परीकथा आहे: सिंड्रेला, लाल टोपीवाली, रापुन्झेल, हिमगौरी. यातली सिंडर सोळा वर्षांची मेकॅनिक आहे, भविष्यातल्या बीजिंगमध्ये बाजारात गाळा लावून बसते. तिच्या शरीराचा 36.28 टक्के भाग कृत्रिम आहे, म्हणून कायद्यानेही ती कमी प्रतीची. कमाई सावत्र आईच्या हातात. पुस्तक उघडतं तेच ती आपला धातूचा पाय काढत असते तिथे. तो लहानपणी बसवलेला, आता तोकडा पडलेला.

त्या पायापाशी मी बराच वेळ थांबले. जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलात सावत्र बहिणींना बूट होत नाही, तेव्हा आई सुरी देते. एक अंगठा कापते, दुसरी टाच. आई समजावते, राणी झालीस की पायी चालायचंच नाही. बुटात रक्त भरतं आणि कबुतरं ते राजपुत्राला ओरडून सांगतात. मुलींनी दुसऱ्याच्या मापात बसण्यासाठी स्वतःला कापून घ्यायचं, हे त्या गोष्टीचं खरं दुखणं आहे. नाचाचा झगा आणि जादूची कांडी यांच्या गर्दीत ते झाकलं गेलं. मेयरने ते परत वर काढलं. तिच्या नायिकेचा बूट राजवाड्याच्या पायऱ्यांवर राहत नाही, पायच निखळून पडतो. शाळेत, नात्यात, आरशासमोर आपण मापात बसत नाही असं रोज वाटणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी राहते जर्मनीत, कासल या गावात. ग्रिम बंधूंनी आपल्या गोष्टी जमवल्या त्या बऱ्याचशा इथेच. त्या गोष्टींच्या पुस्तकाच्या, त्यांच्या स्वतःच्या वापरातल्या प्रती इथल्या संग्रहालयात काचेखाली ठेवल्या आहेत. 2005 साली युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या यादीत त्यांची नोंद केली. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी छापील मजकुरापेक्षा समासच जास्त पाहत राहिले. शाईने बारीक अक्षरात लिहिलेल्या नोंदी आणि दुरुस्त्या. पहिला खंड 1812 चा, त्यात हिमगौरीचा जीव घ्यायला निघते ती तिची सख्खी आई. 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. 1857 पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या आणि विल्हेल्म ग्रिम गोष्टींवर हात फिरवत राहिला. मूळ गोष्ट म्हणून जग जी धरून बसलं आहे, ती त्याने अशी पुन्हा पुन्हा लिहिलेली आहे.

आणि त्याला गोष्टी सांगणारी माणसं कोण? डोरोथेया फीमन ही खानावळवाल्याची मुलगी, कासलच्या बाजारात भाजी विकणारी. तिच्या वडिलांचं घराणं फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांचं. शुद्ध जर्मन म्हणून मिरवलेल्या गोष्टी अशा सीमा ओलांडून, भाजीच्या टोपलीसोबत आल्या. सिंड्रेलासारखी गोष्ट तर चीनमध्ये नवव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे. जर्मनीने मेयरची पुस्तकंही अशीच घरात घेतली. इथल्या आवृत्त्यांची नावं 'रक्तासारखं लाल', 'हिमासारखं शुभ्र' या हिमगौरीच्या जुन्या चालीवर बेतलेली आहेत.

दादाला मी विचारलं, आपल्या भोपळ्याची मूळ गोष्ट कुठली? आमच्या आजीच्या गोष्टीत वाघ आणि कोल्हा होता, शेजारच्या काकूंच्या गोष्टीत अस्वलही यायचं. तो गप्प झाला.

मेयरचं सगळंच मला पटतं असं नाही. तिचं बीजिंग नावापुरतं वाटतं. भाषेचा, स्वयंपाकघराचा, गल्लीचा वास त्याला नाही. परक्या मुलखाचं नेपथ्य उभं करून गोष्ट सांगितली की असं होतं. भाचीच्या गोष्टीत हे झालं नाही, कारण तिची म्हातारी मंगळावरही तूपरोटीच मागते.

घरच्या वादात मला सलतं ते वेगळंच. पालकांना काळजी मूळ गोष्टीची आहे, पण मराठीत चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात काय द्यायचं याची काळजी कुणी केली? दादाच्याच वाचनालयात चित्रांची पुस्तकं एका बाजूला, मोठ्यांच्या कादंबऱ्या दुसऱ्या बाजूला, आणि मधला कप्पा जवळजवळ रिकामा. इथल्या गावच्या ग्रंथालयात त्या वयाच्या मुलांचा विभाग वेगळा असतो, बसायला जागा असते. हे आपल्याला जमणार नाही असं मी मानत नाही. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून. तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मराठीत गोष्ट लिहावीशी वाटली, त्या भाषेत भाचीची गोष्ट परकी कशी ठरेल?

आणि आपल्याकडे जे आहे ते इथे नाही, हेही मी दादाला सांगितलं. इथल्या गोष्टी काचेखाली जपल्या आहेत, मंद उजेडात. माझ्या ओळखीच्या जर्मन आजी नातवंडांना पुस्तक उघडून वाचून दाखवतात, तोंडी सांगणारी मला अजून भेटली नाही. दादा मात्र आजही दिवे गेले की पोरांना 'टुणुक टुणुक' म्हणत गुडघ्यावर उडवतो. गोष्ट अशी तोंडात जिवंत आहे तोवरच ती पोरांच्या हाती द्यायला हवी.

शेवटी त्याने गोष्ट शिबिराच्या हस्तलिखितात घेतली. पण ती अर्धीच आहे, म्हातारीचा परतीचा प्रवास लिहायचा राहिलाय. परवा भाचीचा निरोप आला: "आत्या, मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मग म्हातारी भोपळ्यातून 'म्हातारीबितारी मला नाही ठाऊक' म्हणाली, तर बाहेर ऐकू कसं जाणार?" मला सांगता आलं नाही. दादा सोमवारी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारणार आहे.