शालिकच्या रक्तात काय होतं? काकाजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

काकाजी, नमस्कार.

माझ्या चालू कथेच्या चौथ्या भागाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. दोन ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. शालिकनं धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या वादात चुलतभावाला कुऱ्हाडीनं मारलं आणि मी त्याच्या लहानपणाचे हाल सांगून त्या खुनावर पांघरूण घातलं. त्याच घरात वाढलेला धाकटा गजानन सरळमार्गी निघाला, तेव्हा दोष घराचा नाही. बाप दारुडा आणि मारकुटा, म्हणून पोरगाही तसाच. खाण तशी माती. शेवटी तुम्ही लिहिलंत की पोलीस पाटील म्हणून उभी हयात गेल्यावर तुमची खात्री झालीय, काही माणसांच्या आणि काही जमातींच्याही रक्तातच गुन्हा असतो.

आधी गजाननचं बघू. काकाजी, जो बाप शालिकचा तोच गजाननचा. रक्तानंच सगळं ठरत असेल, तर धाकटा कसा सुटला? ज्या उदाहरणानं तुम्ही घराला निर्दोष सोडता, त्याच उदाहरणानं रक्तही सुटतं.

आणि घर एक होतं म्हणून लहानपण एक होतं का? दुसरा भाग पुन्हा काढून बघा. शालिक नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला पाटलाकडं ढोरं राखायला ठेवलं आणि वर्षाचे पैसे आगाऊ उचलून पिऊन टाकले. पोरगा पळून आला की बाप त्याला बैलाच्या खुंट्याला बांधायचा आणि तुतारीनं, बैल हाकायच्या काठीनं मारायचा. तुतारीला पुढं टोकदार आर असते, हे तुम्हाला सांगायला नको. गजानन दूधपिता होता तेव्हा बापाला लकवा झाला, उजवा हात कायमचा लुळा पडला. ज्या हातानं थोरल्याची पाठ फोडली, तो हात धाकट्यानं कधी उचललेला पाहिला नाही. उलट धाकटाच बापाला घास भरवायचा. एकाच छपराखाली दोघांना दोन वेगळे बाप मिळाले. हे मी कथेत ठरवून केलं आहे.

रक्ताचा वाटा शून्य आहे असं माझं म्हणणं नाही. शालिक बापासारखाच तापट आहे, हे मीच लिहिलंय. पण रक्तातून नेमकं काय येतं? 1984 साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, चौदा हजारांवर दत्तक गेलेल्या मुलामुलींचा. जन्म एका घरी, वाढ दुसऱ्या घरी. ज्यांच्या जन्मदात्यांना शिक्षा झालेल्या होत्या, त्या मुलग्यांत चोरीसारखे गुन्हे जास्त दिसले. मारहाण, हिंसा यांच्या बाबतीत मात्र जन्मदात्यांशी तसा संबंध सापडला नाही. म्हणजे शालिकनं जे केलं, नेमक्या त्याच जातीच्या गुन्ह्याला तिथं रक्ताचा पुरावा मिळाला नाही.

दुसरा अभ्यास न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधला. 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं नजर ठेवली. 2002 साली त्यांनी एमएओए नावाच्या जनुकाबद्दल लिहिलं. त्याचं मंद, म्हणजे कमी काम करणारं रूप असलेली मुलं सरसकट गुन्हेगार झाली नव्हती. ज्यांच्यात ते रूप होतं आणि लहानपणी ज्यांचा छळही झाला होता, अशी मुलं मुलग्यांत फक्त 12 टक्के होती. पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी 44 टक्के त्यांच्या वाट्याला होत्या. पुढच्या प्रत्येक अभ्यासात हे इतकं ठळक आलं नाही, तरी माझा शालिक कुठं उभा आहे ते त्यातून कळतं. आपण कास्तकार माणसं. एकाच थैलीतली सरकी काळ्या वावरात लावा आणि बरडावर लावा, बोंडं सारखी येतात का? नुसत्या बियाण्याला किंवा नुसत्या जमिनीला कोण दोष देईल?

खाण तशी माती म्हणता, तर आपल्याच मुलखातले गाडगेबाबा घ्या. शेंडगावच्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. पोर मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलं. त्याच डेबूजीनं पुढं मुलीच्या बारशाला दारू-मटण बंद करून गोडाचं जेवण घातलं, भाऊबंदांचा रोष पत्करला. एका माणसावरून नियम होत नाही, मान्य. पण तुमची म्हण मोडायला एवढं पुरे आहे.

आता तुमचं 'काही जमाती' हे वाक्य. ते मला फार लागलं. 1871 साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवा, हजेरी द्या, विचारल्याशिवाय गाव सोडू नका. पाळण्यातल्या लेकरावरही तोच शिक्का. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण आपल्या भागात रात्री कुठं मोटारपंप चोरीला गेला तर सकाळी पोलिसांची गाडी पहिल्यांदा पारधी बेड्यावर, त्यांच्या वस्तीवर जाते. हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. बेड्यावरच्या पोराला शाळेच्या पहिल्या दिवसापासून चोर म्हटलं, त्याच्या बापाला कुणी सालदार ठेवलं नाही, आणि उद्या त्यातला एखादा खरंच चोरी करताना सापडला, की आपण म्हणायचं, बघा, रक्तातच होतं! तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो काकाजी, हे वाक्य माझ्या कथेच्या बाजूला उभं राहिलेलं मला चालणार नाही.

राहिलं पांघरुणाचं. तिसऱ्या भागात धुऱ्यावर भांडण होतं, शिवीगाळ होते, आणि शालिक घरी येतो. माठातलं पाणी पितो. बायको विचारते, "जेवता का?" तो म्हणतो, "येतो." छपराला खोचलेली कुऱ्हाड काढतो आणि परत वावराकडं चालू लागतो. ती वाट मी मुद्दाम लांबवली. त्या वाटेवर बाप नव्हता, तुतारी नव्हती, समोर शिव्या देणारा चुलतभाऊही नव्हता. तिथून तो मागं फिरू शकत होता आणि फिरला नाही. तो खून त्याचाच. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या, म्हणजे नानावटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हाच मुद्दा धरला होता: घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत तीनेक तास गेले, तेवढ्यात माणूस भानावर येतो, म्हणून आकस्मिक प्रक्षोभाचा बचाव टिकला नाही. शालिकलाही मी तो बचाव दिलेला नाही आणि पुढं देणारही नाही. कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गजाननच उभा राहणार आहे.

पण तो त्या वाटेला लागला कसा, हे सांगितल्याशिवाय मला ती वाट लिहिता आली नसती. नऊ वर्षांच्या शालिकची मला कीव येते. कुऱ्हाड घेऊन निघालेल्या शालिकची येत नाही. दोन्ही एकाच कथेत राहतील.

एक विनंती. पुढच्या भागात पंचनामा आहे. दोन्हीकडची माणसं भावकीतली, त्यामुळं गावात पंच म्हणून कुणी सही करायला तयार नाही, असा प्रसंग आहे. तुमच्या काळात अशा वेळी पंच कुठून आणायचे, आणि तालुक्याहून पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ राखणीला कोण बसायचं? हे तुमच्याइतकं नीट मला कुणी सांगू शकणार नाही. सवडीनं लिहा, नाहीतर नंबर कळवा, मीच फोन करतो.