‘दहा एपी करा, एक वर्ष वाचवा’: ऑनर्सवाल्यांसाठी हा हिशेब कुठे चुकतो

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: हायस्कूलमध्ये आठ-दहा एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या) परीक्षा द्या, पाचपैकी ३ गुण मिळाले तरी चालतात, कॉलेजात क्रेडिट (पदवीसाठी मोजायचं अभ्यासाचं एकक) आपोआप जमा होतं, डिग्री तीन वर्षांत हाती येते आणि एका वर्षाची फी वाचते. ऑनर्स कॉलेजात, म्हणजे विद्यापीठातल्या निवडक मुलांसाठीच्या जादा अभ्यासक्रमात, तर एपीवाल्यांना आणखी सोपं. राहिली कॅम्पसची भेट, ती म्हणजे सहल. माहिती सगळी वेबसाइटवर असतेच.

एपी घेऊ नयेत असं आमचं म्हणणं अजिबात नाही. पण या सल्ल्यावर विसंबून ऑनर्सचा निर्णय घेतला, तर पहिल्याच सेमिस्टरला मुलांची ओढाताण होते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘३ गुण कुठेही चालतात’

टेक्सस आणि इलिनॉयमध्ये सरकारी विद्यापीठांनी ३ गुणांना क्रेडिट द्यावं असा राज्याचा कायदा आहे. टेक्ससमध्ये त्यालाही अपवाद ठेवलेला आहे: वरचे गुण का हवेत ते विद्यापीठाने पुराव्यानिशी दाखवलं, तर ते जास्त गुण मागू शकतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ३ गुणांपासून युनिट (म्हणजे तिथलं क्रेडिट) देते. याच्या दुसऱ्या टोकाला कॅलटेक, ब्राउन आणि डार्टमथ आहेत. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही. ब्राउनमध्ये एपी पदवीच्या कोर्सांच्या संख्येत धरत नाहीत आणि डार्टमथमध्ये फार तर वरच्या कोर्सला बसता येतं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला ५ मिळाले तरच पहिल्या कॅल्क्युलसची सुटका होते.

पण खरी गोची गुणांत नाही, क्रेडिट कुठल्या खान्यात पडतं त्यात आहे. इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलीने एपी फिजिक्स १ मध्ये ५ मिळवले असं धरा. ती परीक्षा बीजगणितावर आधारलेली असते आणि इंजिनीअरिंगला कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स लागतं, म्हणजे फिजिक्स सी. तिला चार क्रेडिट मिळतील, मार्कशीटवर दिसतीलही, पण तिच्या डिग्री प्लॅनमधला एकही कोर्स कमी होणार नाही. सायकॉलॉजीच्या तीन क्रेडिटचंही तेच, कारण इंजिनीअरिंगमध्ये मोकळ्या ऐच्छिक विषयांना जागाच मोजकी. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत अमेरिकन इतिहासाचे ६ तास (म्हणजे ६ क्रेडिट) सक्तीचे आहेत. तिथे मात्र एपी यू. एस. हिस्टरी थेट कामाला येतं. एपीची संख्या मोजण्याआधी खाने मोजा.

‘क्रेडिट आपोआप जमा होतं’

गुण जुलैच्या सुरुवातीला लागतात. दर वर्षी एका कॉलेजला गुणांचा रिपोर्ट फुकट जातो, पण त्या कॉलेजचं नाव २० जूनच्या आत निवडावं लागतं. नंतर प्रत्येक रिपोर्टचे पैसे पडतात. आपल्या मुलांचा इथे आणखी एक घोळ होतो. वडिलांचं नाव पासपोर्टवर मधलं नाव म्हणून असतं, शाळेच्या दप्तरी नसतं. नववीत कॉलेज बोर्डचं (एपी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं) एक खातं उघडलेलं असतं, अकरावीत दुसऱ्या ईमेलवर दुसरं. मग अर्जावरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव जुळत नाही आणि रिपोर्ट अडकून पडतो. दोन खाती असतील तर ती कॉलेज बोर्डकडून आधीच एकत्र करून घ्या आणि अर्जावर नाव अक्षरन् अक्षर तेच लिहा.

रिपोर्ट पोचला तरी काम संपत नाही. टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसमध्ये क्रेडिट विद्यार्थ्याने स्वतः मागून घ्यायचं असतं. ही चांगलीच सोय आहे, कारण घेतलेलं क्रेडिट बऱ्याच ठिकाणी परत करता येत नाही. पुढे मेडिकलला जायचं असेल तर केमिस्ट्री-बायोलॉजीचं एपी क्रेडिट घेताना विशेष जपा. काही मेडिकल स्कूलं ते मानत नाहीत, काही त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात. आणि ओरिएंटेशन (नव्या मुलांचं ओळख-सत्र) जूनमध्ये असेल, तर सीनियर वर्षाचे (बारावीचे) गुण हातात नसतानाच कोर्स निवडावे लागतात. त्या वेळी एक कच्चं वेळापत्रक ५ गुणांचं आणि एक ३ गुणांचं, अशी दोन तयार ठेवावीत.

‘एका वर्षाची फी वाचते’

अनेक विद्यापीठांत ठरावीक मर्यादेपर्यंत, बहुतेक १२ ते १८ क्रेडिटपर्यंत, फी सारखीच असते. तेव्हा दोन-तीन कोर्स कमी झाल्याने एक डॉलरही वाचत नाही. अख्खं सेमिस्टर उडालं तरच वाचतो. आणि इंजिनीअरिंगसारख्या शाखेत कोर्स साखळीने येतात, एक झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. १२० पैकी ३० क्रेडिट घेऊन आलेल्या मुलालाही ती साखळी सहा-सात सेमिस्टर बांधून ठेवते. स्कॉलरशिप आठ सेमिस्टरची असेल, तर लवकर सुटणाऱ्याला उरलेली रक्कम हातात कोणी देत नाही. भारतातून एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: एपी कितीही असले तरी शेवटचं सेमिस्टर सोडून दर सेमिस्टरला सर्वसाधारणपणे किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात.

एपीचा खरा फायदा वेगळाच आहे. पुष्कळ ठिकाणी क्रेडिटच्या संख्येवर कोर्स-नोंदणीचा क्रम लागतो, दुसरा मेजर (मुख्य विषय) जमतो, परदेशातलं एक सेमिस्टर बसवता येतं, थीसिसच्या (प्रबंधाच्या) वर्षी भार हलका ठेवता येतो. हे फायदे थोडे नाहीत.

‘ऑनर्समध्ये एपीवाल्यांना सोपं’

सगळ्या सल्ल्यात हा मुद्दा सर्वांत चुकीचा आहे. बहुतेक ठिकाणी ऑनर्सच्या अटी ऑनर्सच्याच क्रेडिटने पुऱ्या होतात आणि एपी म्हणजे ऑनर्स क्रेडिट नव्हे. ऑस्टिनच्या प्लॅन टू या ऑनर्स कार्यक्रमात वर्ल्ड लिटरेचरचा वर्षभराचा कोर्स असतो; इंग्रजीच्या एपीत ५ असले तरी तो करावाच लागतो. अ‍ॅरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजात पहिल्या वर्षी आलेल्यांना ‘द ह्यूमन इव्हेंट’ हे दोन सेमिस्टरचं सेमिनार चुकत नाही. पेन स्टेटच्या श्रेयर ऑनर्स कॉलेजात थीसिसशिवाय ऑनर्सची पदवी नाही.

उलट जास्त एपीमुळे ऑनर्स अवघड होऊ शकतं. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीचे ऑनर्स वर्ग हे ऑनर्स क्रेडिट मिळवायचे सगळ्यांत सरळ मार्ग. एपीने तेच कोर्स उडाले, तर ती क्रेडिट वरच्या वर्गांतून काढावी लागतात. तिथे ऑनर्सचे वर्ग विरळ, मग प्राध्यापकांना भेटून नेहमीच्या कोर्सला जादा काम जोडून घ्यायचं, म्हणजे ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट करायचं. प्राध्यापक दर वेळी होकार देतीलच असं नाही.

दुसरा फटका जीपीएला, म्हणजे ग्रेडच्या सरासरीला. एपीला ग्रेड नसते, त्यामुळे ते सरासरीत धरत नाहीत. समजा ऑनर्समध्ये टिकायला ४ पैकी ३.५ लागतात (ए म्हणजे ४, सी म्हणजे २). १६ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये चार क्रेडिटच्या एका कोर्सला सी आणि बाकी सगळीकडे ए आला, तर सरासरी बरोबर ३.५० येते. एपीमुळे तीन क्रेडिटचा एक सोपा कोर्स गळाला, उरली १३, आणि तोच सी आला, तर सरासरी ३.३८. एका ग्रेडवर ऑनर्सचं प्रोबेशन, म्हणजे ‘सुधारा, नाहीतर बाहेर’ अशी ताकीद! ज्या विषयाचा पाया कच्चा वाटतो, त्यात एपी असूनही पहिल्या वर्षीचा ऑनर्स कोर्स करणं म्हणूनच बऱ्याचदा शहाणपणाचं असतं. मात्र क्रेडिट आधी नोंदलं गेलं असेल तर पुन्हा केलेला कोर्स दुबार ठरतो. तेव्हा आधी विचारा, मग क्रेडिट घ्या.

‘भेट म्हणजे सहल’

अ‍ॅडमिशन ऑफिसची टूर धरली, तर हो. इमारती, जिम, मेस दाखवतात, दोन तासांत सगळं आटपतं. ऑनर्सची माहिती-सत्रं बहुतेक वेगळी असतात आणि त्यांची नोंदणीही वेगळी करावी लागते. सोमवार ते गुरुवारमधला दिवस घ्या, कारण शुक्रवारी वर्ग कमी असतात. कॉलेजची स्प्रिंग ब्रेक आणि फायनल्सचे आठवडे टाळा. निदान दोन-तीन आठवडे आधी तीन गोष्टी मागा: ऑनर्स अ‍ॅडव्हायझरची अर्ध्या तासाची वेळ, ज्या विभागात मेजर करायचं तिथल्या अ‍ॅडव्हायझरची वेळ, आणि एखाद्या ऑनर्स सेमिनारमध्ये मागे बसायची परवानगी. अ‍ॅडमिशनवाल्यांना क्रेडिटचा ढोबळ तक्ता माहीत असतो; कुठलं क्रेडिट कुठल्या अटीवर लागतं हे त्या दोन अ‍ॅडव्हायझरांनाच ठाऊक.

जाताना एकच कागद न्या. पहिल्या रकान्यात परीक्षा आणि गुण, दुसऱ्यात कॉलेजच्या तक्त्याप्रमाणे मिळणारा कोर्स, तिसऱ्यात तो मेजरच्या डिग्री प्लॅनमध्ये कुठे बसतो, चौथ्यात ऑनर्सच्या कुठल्या अटीला लागतो. तक्ता मुलाच्या प्रवेशाच्या वर्षाचा हवा, गेल्या वर्षीचा नको. चौथा रकाना बहुधा रिकामाच राहील. बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल. अ‍ॅडव्हायझरला विचारायचं: एवढे एपी घेऊन आलेली मुलं ऑनर्सची क्रेडिट कुठून पुरी करतात? माझ्या मेजरमध्ये गेल्या दोन सेमिस्टरला तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे कुठले ऑनर्स वर्ग प्रत्यक्ष चालले? लवकर पदवी घेतली तर थीसिसची दोन सेमिस्टर कुठे बसतात? जीपीए घसरला तर सुधारायला किती मुदत मिळते?

हे प्रश्न मुलांनी विचारावेत, आई-बाबांनी शेजारी बसून ऐकावेत. शिष्टाचार म्हणून तर खरंच, पण कायदाही तसाच आहे: कॉलेज सुरू झालं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो आणि त्याच्या परवानगीशिवाय अ‍ॅडव्हायझर सहसा पालकांशी बोलत नाहीत. मुंबई-पुण्याहून परीक्षा देणाऱ्यांना प्रत्यक्ष जाणं परवडत नसेल, तर हाच कागद आधी ईमेलने पाठवून व्हिडिओ कॉलवर याच दोघांना भेटता येतं. भेट कशीही होवो, त्याच संध्याकाळी मुलाने अ‍ॅडव्हायझरला ईमेल करावा, ‘आपण असं म्हणालात, मी बरोबर समजलो ना?’, आणि उत्तर जपून ठेवावं. जुलैत गुण लागल्यावर कोर्स बदलताना समोर दुसराच कोणी अ‍ॅडव्हायझर असेल, तर तो ईमेल दाखवता येतो.